अनेक दिवसांची डोंगरवाट, जुने अवशेष आणि आपला वाटाड्या : तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीकर

गेल्या रविवारी माळ्यावरची ताडपत्री खाली काढताना तिच्यामागून चालण्याची एक काठी घरंगळत आली. काठी ॲल्युमिनियमची आणि साधीच आहे. मात्र तिच्या टोकाला टायरच्या रबराचा अंगठ्याएवढा तुकडा तारेने करकचून बांधलेला आहे आणि त्या तारेच्या पिळात अजून तांबूस माती अडकलेली आहे. नातवाने "आजोबा, हे कोणी बांधले?" असे विचारले आणि त्याला सांगता सांगता दुपारचे जेवण निवून गेले. म्हणून हा धागा काढतो आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर 2018 च्या सप्टेंबरात मी पेरू देशातल्या इंका वाटेने, म्हणजे इंका लोकांच्या जुन्या दगडी वाटेने, माचू पिचू या त्यांच्या डोंगरावरच्या प्राचीन शहराला गेलो होतो. चार दिवस, तीन मुक्काम आणि सुमारे 43 किलोमीटर चाल. परवानाधारक वाटाड्याशिवाय या वाटेवर पाऊल ठेवता येत नाही. दिवसाला एकूण 500 माणसांनाच परवाना मिळतो, त्यात वाटाडे, स्वयंपाकी आणि ओझेवालेही धरलेले असतात, त्यामुळे प्रवाशांच्या वाट्याला जेमतेम 200 जागा येतात. दुरुस्तीसाठी फेब्रुवारीत वाट बंद असते. तयारी म्हणून मी सहा महिने आठवड्यातून तीनदा बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड चढत होतो आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता. तो दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का या खिंडीत उतरला. तिची उंची 4,215 मीटर आहे आणि क्वेचुआ भाषेत त्या नावाचा अर्थ 'मेलेली बाई' असा होतो, कारण लांबून डोंगराची कड उताण्या पडलेल्या बाईसारखी दिसते. पाय चालायला तयार होते, पण वीस पावलांनंतर श्वासच पुरत नव्हता.

दगडी फरसबंदीला ओरखडे पडू नयेत म्हणून तिथे काठीच्या टोकाला रबरी टोपी सक्तीची असते. माझी टोपी त्याच दिवशी चिखलात राहिली. मुक्कामावर आमच्या वाटाड्याने ती गोष्ट एका ओझेवाल्याच्या कानावर घातली. त्या गृहस्थांनी पिशवीतून टायरची तुटकी चपल काढली, सुरीने तिच्या टाचेचा तुकडा कापला, काठीच्या टोकाला बसवला, तारेचे चार वेढे दिले आणि दातांनी तार ओढून पीळ घट्ट केला. आपल्याकडे शेतात जाणारी माणसे घालत तसल्याच टायरच्या चपला तिथले ओझेवाले घालतात. मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. पहिल्या संध्याकाळी वाटाड्याने सगळ्यांना गोल उभे करून प्रत्येकाला नाव, वय आणि मुले किती हे सांगायला लावले होते, त्यामुळे हे गृहस्थ माझ्याच वयाचे आहेत आणि त्यांना पाच मुले आहेत हे मला ठाऊक होते. एका माणसाने 20 किलोंपेक्षा जास्त ओझे उचलायचे नाही असा तिथे कायदा आहे आणि नाक्यावर ओझी खरोखरच काट्यावर चढतात.

चौथ्या दिवशी पहाटे सूर्यद्वारी, म्हणजे इंतिपुंकूला, पोचलो तर समोर नुसते धुके होते. वाटाड्या खाली बसला, त्याने एक संत्रे सोलले आणि फोडी वाटत सांगितले की 1911 साली हायराम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने हे शहर 'शोधले' असे पुस्तकांत असते, पण त्याला वर घेऊन जाणारा मेल्चोर आर्तेआगा नावाचा शेतकरी होता, त्या दिवसाचे या शेतकऱ्याला एक सोल (तिथले नाणे) मिळाले आणि वर त्या काळीही दोन-तीन कुटुंबे शेती करून राहत होती. हे सांगताना त्याचा स्वर जरासा कडवट झाला होता. धुके पाऊण तासाने हटले. त्या शहराची छायाचित्रे तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून त्याचे वर्णन करत नाही. तुम्ही अशा वाटेवर कुठे गेला होतात आणि तुमचा वाटाड्या कसा होता, ते लिहा.

निपाणीचे डॉक्टर

काका, राजहंसगडाने तुम्हाला फसवले नाही. तो बिचारा हजार मीटरचाही नाही. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आणि त्या वाटेसाठी जिथे विमानाने उतरतात ते कुस्को शहर 3,400 मीटरवर, तेव्हा विमानातून उतरल्याबरोबर डोके ठणकणे, भूक मरणे आणि झोप न लागणे हे धडधाकट माणसालाही होते. तरुणपणाचा आणि तालमीचा त्यावर काही उपयोग नसतो. उलट तालमीतली पोरे भरभर चढतात आणि आधी आडवी होतात. मी 2022 साली त्याच वाटेने गेलो तेव्हा आमच्या वाटाडीने (ती सव्वीस वर्षांची मुलगी होती) कुस्कोत दोन रात्री काढल्याशिवाय परवान्याची कागदपत्रेच हातात दिली नाहीत. उंचीच्या या त्रासावर ॲसिटाझोलामाइडची गोळी काही जणांना मदत करते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः ज्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी. तोल जाऊ लागला, बसल्या जागीही धाप लागू लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर गोळी शोधत बसू नये, माणसाला खाली उतरवावे. आमच्या गटातल्या एका इंजिनियर मुलाला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाठवले. त्याने फार वाद घातला. वाद घालताना त्याला स्वतःचे वाक्य पुरे करता येत नव्हते, एवढेच तिने आम्हाला दाखवले.

अनगोळची सुनंदा

डॉक्टरसाहेब, तुम्ही भीती घालता आणि काका चपला दाखवतात, पण चार दिवस शाकाहारी माणूस तिथे काय खातो हे कोणीच लिहिले नाही. मी सोबत किती चिरमुरे न्यावेत?

टिळकवाडीकर

सुनंदाताई, किन्वा या तिथल्या धान्याचे सूप, भात, मका आणि बटाटा. बटाटा तर विचारू नका, जांभळा, पिवळा, बोटासारखा लांबट, रोज निराळा. बटाट्याचे मूळ गावच ते. मी चिरमुरे नेले नव्हते, पण कुंद्याचा डबा नेला होता आणि तो पहिल्याच संध्याकाळी त्या गोलात संपला. चिरमुऱ्यांपेक्षा पासपोर्टकडे लक्ष द्या. परवाना पासपोर्टच्या क्रमांकावर निघतो. मी मध्येच पासपोर्टचे नूतनीकरण केले होते, त्यामुळे नाक्यावर जुना आणि नवा असे दोन्ही दाखवून सुटका झाली. जुना घरी राहिला असता तर तिथूनच परत फिरलो असतो.

खानापूरची माहेरवाशीण

आम्हाला इंका वाटेचा परवाना मिळाला नाही, कारण लेकीला सुट्टी मिळेपर्यंत सगळ्या जागा भरल्या होत्या. मग आम्ही मायलेकी साल्कांतायच्या वाटेने पाच दिवस चालत गेलो. तिथली खिंड आणखी उंच, 4,600 मीटरच्या वर आहे आणि शेजारी साल्कांतायचे 6,271 मीटरचे बर्फाचे शिखर उभे असते. या वाटेवर अवशेष थोडे आहेत हे खरे, पण चौथ्या दिवशी याक्तापाता नावाच्या जुन्या घरांच्या जोत्यांपाशी आलो तेव्हा दरीपलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर माचू पिचू करंगळीच्या नखाएवढे दिसले. मला ते दुसऱ्या दिवशी जवळून पाहिल्यापेक्षा अधिक आठवते.

आमचे वाटाडे पन्नाशीचे आणि अबोल होते. खिंडीत त्यांनी कोकाची तीन पाने पंख्यासारखी बोटांत धरली, डोंगराच्या दिशेने त्यांवर हळूच फुंकर घातली आणि दगडाखाली ठेवली. डोंगराला ते 'आपू', म्हणजे देव, म्हणतात. लेक कॅमेरा काढू लागली, मी तिचा हात धरला. माझे वडील जांबोटीच्या रानातून जाताना वाटेवरच्या देवापाशी झाडाची डहाळी मोडून ठेवत आणि 'का' असे विचारले तर रागावत. त्या वाटाड्यांना मी हे मोडक्या इंग्रजीत सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या चढावर त्यांनी तीन पाने माझ्या हातात दिली. कोकाची पाने आणि चहा तिथे सर्रास मिळतो. आपल्याकडे मात्र ती कायद्याने निषिद्ध आहेत, तेव्हा आठवण म्हणून पुडी बांधून आणू नका.

हलशीचे मास्तर

सर्वांचे अनुभव आनंदाने वाचतो आहे, फक्त एक शिक्षकी खोड मोडत नाही. माचू पिचू साधारण 1450 च्या सुमारास पाचाकुती या इंका राजाच्या काळात बांधले गेले, असे मानतात. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) 1204 सालची, म्हणजे त्याहून सुमारे अडीचशे वर्षांनी जुनी. आमच्या हलशीच्या परिसरात सापडलेले कदंब राजांचे ताम्रपट तर पाचव्या शतकातले आहेत. सांगायचे ते एवढेच, की तिथे पाहायला चार दिवस चालावे लागते म्हणून लोक पाहतात, आणि इथे गाडी दारापर्यंत जाते म्हणून लोक दहा मिनिटांत परततात. माझे विद्यार्थीही त्यात आले.

कणकुंबीकर

मला एकच शंका आहे. आमच्याकडे पावसाळ्यात बांध धरून ठेवताना जीव मेटाकुटीला येतो. त्या उभ्या कड्यावरचे शहर इतकी वर्षे खाली कसे आले नाही? तिथे पाऊस पडत नाही का?

टिळकवाडीकर

चांगला पडतो. हीच शंका मी विन्याय वायनाच्या मुक्कामी विचारली होती. तिथल्या डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी शेते थेट दरीत उतरत जातात. वाटाड्याने काठीने मातीत चार आडव्या रेघा ओढल्या : तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर लांबून वाहून आणलेली काळी माती. पाणी साचतच नाही, थरांतून झिरपून निघून जाते. भिंती डोंगराच्या बाजूला किंचित कललेल्या आहेत. महत्त्वाच्या इमारतींचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत इतके नेमके बसवले आहेत की सांध्यात सुरीचे पाते जात नाही, आणि भूकंपाच्या त्या प्रदेशात त्या अजून उभ्या आहेत. पिण्याचे पाणी वरच्या झऱ्यातून सुमारे पाऊण किलोमीटरच्या दगडी पाटाने येते आणि एकाखाली एक अशा 16 कुंडांतून उतरते. तुमच्या बांधाला खाली खडी घालून पाहिली आहे का?

कणकुंबीकर

खडी घातली तर माझे भाऊबंद हसतील. पण एका बांधाला घालून पाहतो.

वडगावची लेक

मी परदेशात गेलेली नाही. माझी वाट पन्हाळा ते विशाळगड, दोन दिवसांची, भर जुलैत. 1660 साली ज्या पावसात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि 13 जुलैला बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, त्याच तारखांना दरवर्षी अनेक गट ही वाट चालतात. मसाई पठारावर धुके एवढे होते की पुढच्या मुलीची केशरी पिशवी तेवढी दिसत होती. पुढे भाताच्या खाचरांतून गुडघाभर चिखल आणि पायांना जळवा. आंबेवाडीच्या मुक्कामापर्यंत माझ्या एका बुटाचा तळ सुटून मगरीच्या तोंडासारखा उघडत होता. तो मी ओढणीच्या काठाने बांधला, तेव्हा काकांच्या तारेचे मोल मला कळते.

आमचे वाटाडे त्याच पट्ट्यातले धनगर आजोबा होते. प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे ते थांबून माणसे मोजत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मोजत. दोन दिवसांत त्यांनी इतिहासाचे एक वाक्यही सांगितले नाही, याचा मला रागच आला होता. पांढरपाणी ओलांडून खिंडीत उतरलो तेव्हा आमच्यातल्या एकाने मोठ्याने घोषणा सुरू केल्या. आजोबांनी त्याला हाताने थांबवले आणि "आधी पाण्याचा आवाज ऐक" एवढेच म्हणाले. त्या घळीत पाण्याचा आवाज इतका होता की शेजारच्याचे बोलणे कळत नव्हते. तिथे लढणाऱ्यांना एकमेकांच्या हाका तरी ऐकू गेल्या असतील का, हे मी त्यानंतर कितीदा मनात आणले आहे.

चंदगडचा वाटाड्या

वर्षानुवर्षे मी महिपाळगड, कलानंदीगड आणि पारगड असे तीन दिवसांचे गट नेतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. लोक पैसे वाट दाखवण्याचे देतात. वाट तर हल्ली मोबाइलही दाखवतो. माझे खरे काम सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला ओळखणे आणि त्याला न दुखावता सर्वांच्या पुढे ठेवणे, हे आहे. तो मागे राहिला की घाबरतो आणि घाबरला की घसरतो. गव्यांचा कळप आडवा आला तर थांबायचे, हेही माझ्याकडे पहिल्या दिवशीच सांगून होते, कारण मुंबईच्या मुलांना छायाचित्रासाठी पुढे जायचे असते.

पारगडावर तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा किल्लेदार होते, असे गडावर सांगतात आणि त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. म्हणून त्या गडाला मी अवशेष म्हणत नाही. ज्या घरातून आपल्याला चहा येतो त्याला अवशेष कसे म्हणायचे? एकदा एका पाहुण्याने तटाचा सुटा चिरा चूल मांडायला उचलला होता; मी तो त्याच्याच हातांनी जागेवर ठेववला आणि त्याने माझे उरलेले पैसे दिले नाहीत. टिळकवाडीकर काका, त्या पेरूच्या भल्या माणसाने टायर कापून दिले हे वाचून बरे वाटले. दिवाळीनंतर या, कलानंदीगड तुम्हाला जड जाणार नाही.

टिळकवाडीकर

नक्की येतो, नातवालाही आणतो. काठी आणू ना?

चंदगडचा वाटाड्या

जरूर आणा, पण ते रबर काढून ठेवा. आमच्याकडे जांभा दगड आहे आणि दिवाळीपर्यंत त्यावरचे शेवाळ सुकत नाही, रबर हमखास घसरते. नाहीतर काठी घरीच राहू द्या, मी बांबू तोडून ठेवतो.