गाडीचे आरसे कसे लावता?

रानपाखरू
‘बाजूच्या आरशात आपल्या गाडीची कड दिसली पाहिजे’ हे शिकवणीतलं जुनं वाक्य आज पुन्हा कानावर पडलं, म्हणून हा धागा. कड दिसते खरी, पण मग तिन्ही आरसे जवळपास तोच मागचा रस्ता दाखवतात आणि शेजारची लेन राहूनच जाते.

आधी सीट पक्की करा. मधल्या आरशात मागची काच पूर्ण यावी. मग ड्रायव्हरच्या खिडकीला डोकं टेकवून त्या बाजूचा आरसा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर फिरवा. दुसऱ्या आरशासाठी डोकं दोन सीटांच्या मधोमध नेऊन तसंच करा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसता कामा नये. तुमचे अनुभव लिहा.

चाकोरी
+१. अमेरिकन अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये हीच पद्धत भूमितीने मांडली होती. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं, आरसा परत आत घ्यायला हात शिवशिवतात. घेऊ नका!
तपासायचं असं: ओव्हरटेक करणारी गाडी मधल्या आरशातून जायच्या आत बाजूच्या आरशात यावी आणि तिथून जायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्येच गायब झाली तर आरसा केसभर हलवा.

मुसाफिर_७
मागे सामान खच्चून भरलंय, मधल्यात काहीच दिसत नाही. मग?

चाकोरी
@मुसाफिर मग बाजूचे आत घ्या, कड दिसेल इतके. मागचं बघायला तेवढेच उरतात.

ओलीमाती
आरसे कसेही लावा, मान वळवायचीच. दुचाकी अरुंद असते, दोन आरशांच्या फटीत सहज लपते. आरसे, इंडिकेटर, हनुवटी खांद्याकडे, मगच लेन बदला. खांदे फिरवले तर हातही फिरतात आणि गाडी त्याच बाजूला सरकते. नवशिक्यांचं हमखास इथेच चुकतं. ताशी ६० ला सेकंदात जवळपास १७ मीटर जातात, म्हणून पुढे अंतर असेल तेव्हाच बघा.

सांजवात
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं कुणी बोललंच नाही! चौकात आडवी येणारी दुचाकी आपल्याशी एकाच कोनात राहिली तर शेवटपर्यंत खांबामागेच असते. वळण्याआधी डोकं पुढे-मागे करून बघा.

मुसाफिर_७
ते गोल चिकटवायचे छोटे आरसे?

रानपाखरू
बाहेरच्या कोपऱ्यात लावा, काच आधी स्पिरिटने पुसून. बहिर्वक्र असल्याने गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. ‘कुणी आहे का’ एवढंच त्यात बघा, अंतर सपाट आरशातून.

ओलीमाती
पावसात बाजूच्या आरशांवर थेंब राहतात. बऱ्याच गाड्यांत मागच्या काचेच्या हीटरच्या बटणानेच तेही तापतात. बटणावर किंवा पुस्तिकेत आरशाची खूण शोधा.

सांजवात
अरे वा, आत्ताच जाऊन बघते. कुकरची शिट्टी झाली की.