वर्क परमिटमुळे स्थानिकांची मजुरी पडते की परमिट एकाच मालकाला बांधल्यामुळे?

वाटाड्या
आमच्या ग्रुपवर यावरून जोरात वाद चालू आहे म्हणून इथे विचारतो. काहीजण म्हणतात बाहेरून आलेल्यांना कामाचं परमिट दिलं की मजूर वाढतात, मजूर वाढले की मजुरी पडते, सरळ मागणी-पुरवठ्याचा हिशोब आहे. बाकीचे म्हणतात परमिट दिलं नाही तरी माणसं येतातच, फक्त मग चोरून राबतात आणि मालक देईल तेवढ्यात गप्प बसतात. मला दोन्ही पटतं आणि हीच अडचण आहे. कुणी प्रत्यक्ष आकडे लावून बघितलंय का? आणि दुसरं, एखाद्या देशाने काम करायची परवानगी दिली तर परमिटवर एकाच मालकाचं नाव कशाला घालतात, कुठेही करू दे ना काम. हे मला खरंच कळत नाही.

नीलिमा७
आकडे लावून भरपूर बघितलंय, पण अर्थशास्त्रज्ञांचंही एकमत नाहीये. सगळ्यात गाजलेलं उदाहरण मायामीचं. 1980 मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं बोटींनी अमेरिकेत आली, त्यातली बरीचशी मायामीतच राहिली आणि शहरातले कामगार एकदम 7 टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्डने 1990 मध्ये तपासलं तर आधीपासून तिथे असलेल्या कमी शिकलेल्या कामगारांच्या पगारावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. मग पुष्कळ वर्षांनी जॉर्ज बोर्हासने तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडले आणि म्हणाला की शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचे पगार 10 ते 30 टक्के घसरले, त्यावर बाकीचे म्हणाले की तुमचा नमुना फारच छोटा आहे आणि त्या वर्षांत सर्व्हेमध्ये मोजली गेलेली माणसंच बदललीत. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

उलट्या बाजूनेही बघितलंय, म्हणजे परमिटं बंद केल्यावर काय झालं ते. 1942 ते 1964 अमेरिकेत ब्रासेरो नावाची योजना होती, मेक्सिकोचे शेतमजूर ठरावीक मुदतीच्या करारावर यायचे. बंद करताना सांगितलं गेलं की आता आपल्या शेतमजुरांची मजुरी वाढेल. मायकल क्लेमेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राज्यवार आकडे काढले तर जिथे ब्रासेरो जास्त होते तिथली मजुरी इतर राज्यांपेक्षा काही वेगाने वाढलेली दिसली नाही. शेतमालकांनी टोमॅटो काढायची यंत्रं आणली आणि ज्या पिकाला यंत्र मिळालं नाही ते पीकच कमी केलं. मजूर गेला म्हणून त्याची जागा तशीच दुसऱ्यासाठी राखून ठेवत नाही कोणी, हे त्या वादात कायम विसरलं जातं.

कोरडवाहू
नीलिमाताई, अभ्यास मान्य आहेत, पण सरासरी दाखवून ज्याचं नुकसान होतंय त्याला गप्प करायचं हे मला पटत नाही. स्वस्त मजुराचा फायदा मालकाला होतो, घर बांधणाऱ्या गिऱ्हाइकाला होतो, ऑफिसात बसणाऱ्याला होतो. फटका बसलाच तर तो त्याच कामातल्या स्थानिक गवंड्याला नाहीतर आधी आलेल्या परदेशी मजुरालाच बसतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. त्याने तक्रार केली की लगेच द्वेष करतो म्हणायचं, हे चुकीचं आहे. सिंगापूरसारखा देश निदान परदेशी कामगारामागे मालकाकडून दरमहा लेव्ही म्हणजे एक कर घेतो आणि कुठल्या क्षेत्रात किती टक्के परदेशी ठेवायचे त्याची मर्यादा घालतो. ती पद्धत चांगली की वाईट यावर बोलता येईल पण निदान मालकाला फुकटात स्वस्त माणूस मिळत नाही.

साईटवाला
वाटाड्या, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो कारण ते मी जवळून बघितलंय. 2020 च्या आधी कतारमध्ये एका साईटवर मी टाइमकीपर होतो, कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे एक नेपाळी स्टील फिक्सर होता, हात इतका चांगला की शेजारच्या साईटचा फोरमन त्याला जास्त पगारावर यायला सांगत होता. पण जायचं तर जुन्या मालकाची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र पाहिजे. तो दर गुरुवारी टाइमशीटवर सही करायला माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, सर, पेपर झाला का. ऑफिसवाले म्हणायचे आधी काम संपू दे, मग म्हणाले रजेवर घरी जा मग बघू. घरी गेला असता तर परत बोलावायचं की नाही हे यांच्याच हातात, आणि इकडे यायला काढलेलं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं. शेवटी त्याने विचारणंच सोडलं. ओव्हरटाइमचे तास मी लिहायचो 70 आणि ऑफिसातून कमी होऊन यायचे, त्यावरही तो बोलला नाही कारण बोलून जाणार कुठे. 2020 मध्ये कतारने एनओसीची अट काढली आणि 2021 पासून सगळ्यांना 1000 रियाल किमान वेतन लागू केलं. कायद्यात झालं, प्रत्यक्षात अंमलबजावणीच्या तक्रारी येतच राहिल्या.

आता पगाराचं. अमिरातीने 2011 मध्ये नियम बदलला की करार संपल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येईल. त्यावर एक चांगला अभ्यास झालाय, त्यात दिसलं की आधीपासून तिथे असलेल्या कामगारांची कमाई 10 टक्क्यांहून जास्त वाढली, आणि गंमत म्हणजे ते कंपनी सोडून गेले नाहीत तर उलट जास्त टिकले, कारण मालकांना पगार वाढवून त्यांना ठेवून घ्यावं लागलं. म्हणजे कामाचं मोल तेवढंच होतं, फक्त आधी तो पैसा मालकाकडे राहत होता. पण एक खरं की त्याच अभ्यासात नवीन भरती कमी झालेली दिसते, म्हणजे गावाकडे रांगेत थांबलेल्याचा तोटा झाला. तेही सांगितलं पाहिजे. आणि कोरडवाहू दादा, तुमच्या गवंड्यालाही यात फायदाच आहे, ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याच्याशी पगारात स्पर्धा करायची तर कोणीही हरणार.

मध्यरात्र
राजकारणाची बाजू राहिली. सरकारला मतदारांना सांगायचं असतं की हे लोक पाहुणे आहेत, काम झालं की परत जातील, आणि मालकाचं नाव घातलं की नोकरी गेली की माणूस आपोआप बेकायदेशीर ठरतो, सरकारला वेगळं काही करावंच लागत नाही. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार केला त्यात दोन वर्षांनी परत पाठवायची अट होती. ती 1964 मध्ये काढली, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त मागे लागले होते ते तिथले कारखानदारच, शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांत घालवणं त्यांना परवडेना. 1973 मध्ये भरती बंद केली तेव्हा लोकांना कळलं की आता गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून ते राहिले आणि बायकामुलांनाच बोलावून घेतलं. दार बंद केल्यामुळे माणसं आत कायमची झाली.

आणि परमिट न देता चालवायचं तर त्याचाही खर्च असतोच. स्पेनने 2005 मध्ये साडेपाच लाखांहून जास्त लोकांना एकदम कागद दिले, अट अशी की मालकाने करार दाखवायचा. त्यावर नंतर झालेल्या अभ्यासात माणशी साधारण 4,000 युरो सरकारी तिजोरीत जास्त आल्याचं निघालं, मात्र कमी शिकलेल्या काही कामगारांना फटकाही बसला, तेव्हा कोरडवाहू म्हणतात ते अगदीच हवेत नाहीये. कोलंबियाने 2018 मध्ये कागद नसलेल्या साडेचार लाखांच्या आसपास व्हेनेझुएलन लोकांना परमिट घ्यायची मुभा दिली तेव्हा मात्र स्थानिकांच्या नोकऱ्यांवर नाव घेण्यासारखा परिणाम सापडला नाही. 2021 मध्ये त्यांनी ते वाढवून दहा वर्षांचं केलं.

वाटाड्या
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे किती माणसं घ्यायची हा एक प्रश्न आणि घेतल्यावर त्यांना सोडून जायची मुभा द्यायची का हा वेगळा. मग संख्या मर्यादित ठेवूनही मालक बदलू देणं जमतं का कुठे?

साईटवाला
अर्धवट जमतं. कोरियात भरती थेट दोन सरकारांमध्ये होते, खाजगी एजंट मध्ये नसतो, आणि पहिल्या तीन वर्षांत तीनदा जागा बदलता येते, पण ठरावीक कारणांसाठीच. कॅनडात 2019 पासून मालकाने छळ केला तर खुलं, म्हणजे कुठल्याही मालकाकडे चालणारं परमिट मागता येतं, पण आधी छळ झाल्याचं दाखवावं लागतं आणि ते पुरावे तो छळ करणाऱ्याच्याच खोलीत राहून गोळा करणार. माझ्या मते परमिट त्या क्षेत्रापुरतं द्यावं, म्हणजे बांधकामावाला बांधकामातच राहील पण मालक त्याने निवडावा, आणि नोकरी सुटली तर दुसरी शोधायला निदान तीन महिने द्यावेत. आकडा सरकारने ठरवावा, त्यावर माझी हरकत नाही.

कोरडवाहू
क्षेत्रापुरतं असेल तर मलाही चालेल. फक्त त्या क्षेत्रातलं किमान वेतन स्थानिक आणि बाहेरचा दोघांना एकच पाहिजे आणि तपासायला इन्स्पेक्टर साईटवर आला पाहिजे, ऑफिसात बसून रजिस्टर बघून जाणारा नको.