रेडिओ लिंकसाठी बीसीएच घेऊ की रीड-सॉलोमन?

सेन्सरवाला:
मंडळी, ६४ बाइटचं पॅकेट रेडिओने पाठवायचंय, परतीचा चॅनल नाही म्हणजे "पुन्हा पाठव" सांगायची सोयच नाही, जे सुधारायचं ते रिसीव्हरनेच. जास्तीचे १६ बाइट परवडतात. हॅमिंगचा ७,४ कोड (४ बिटांना ३ जास्तीचे जोडून ७ चा ब्लॉक, त्यात एक चूक सुधारते) लावून बघितला, पण ब्लॉकमध्ये दोन बिट उलटले की तो भलताच तिसरा बिट बदलतो. आता बीसीएच की रीड-सॉलोमन, चुका सुधारणाऱ्या या दोन कोडांपैकी कुठला? आणि १६ बाइटात नेमकं किती सुधारेल, हिशोब कसा करायचा?

गॅल्वा:
आधी चुका कशा येतात ते लॉग करून बघा, कोड त्यावरच ठरतो. रीड-सॉलोमनचा २५५,२३९ घ्या (एकूण २५५ बाइट, त्यात डेटा २३९), १७५ बाइट शून्य धरा आणि ते पाठवूच नका, उरतो ८०,६४. पॅरिटी, म्हणजे सुधारण्यासाठी जोडलेले जास्तीचे बाइट, १६, त्यामुळे कुठलेही ८ बाइट सुधारतात, आणि बाइटातला एक बिट गेला काय किंवा आठही गेले काय, त्याला सारखंच, म्हणून सलग ५७ बिटांपर्यंतचा धक्का हमखास पचतो. पण ९ बिट ९ वेगळ्या बाइटांत विखुरले की संपलं. तिथे बीसीएच भारी: १०२३ लांबीचा कोड ६४० बिटांवर आणला तर दर चुकीमागे जास्तीत जास्त १० पॅरिटी बिट लागतात, म्हणजे १२० बिटांत कुठल्याही १२ चुका.

सेन्सरवाला:
लॉग बघितला. चुका झुबक्यानेच येतात, कधीकधी सलग १५० बिटांपर्यंत.

पॅरिटीप्रेमी:
मग रीड-सॉलोमनच घ्या, पण इंटरलीव्हिंग हवंच. १५० बिट जास्तीत जास्त २० बाइटांना लागतात, ४ पॅकेटांचे बाइट आलटून पालटून पाठवले की प्रत्येकाच्या वाट्याला ५ येतात, आरामात सुधारतात. त्याबदल्यात चार पॅकेट जमेपर्यंत थांबावं लागतं. सीडीत ३२,२८ आणि २८,२४ असे दोन रीड-सॉलोमन कोड याच कारणासाठी मधे इंटरलीव्हिंग घालून बसवलेत.
आणि सिग्नल कुठे पडला हे रेडिओ सांगत असेल तर ती माहिती अजिबात वाया घालवू नका! जागा माहीत असलेला खराब बाइट एकच पॅरिटी बाइट खातो, जागा माहीत नसलेला दोन. म्हणजे नुसत्या अशा १६ जागाही भरून निघतात, फक्त तेव्हा तपासायला काहीच शिल्लक राहत नाही आणि डिकोडर चुकीचं उत्तर बिनधास्त देऊ शकतो, म्हणून ६४ मधले २ बाइट सीआरसीला (उत्तर बरोबर आलं का ते तपासणाऱ्या आकड्याला) द्याच.