टँक स्वतःच सावरतो, मग हीलरने करायचं काय?

कातळसडा (रत्नागिरी)
गाववाल्यांनू, वॉवमध्ये (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम) मिथिक प्लस या अवघड डंजनला (शत्रूंनी भरलेल्या टप्प्याला) पाच जणांचा ग्रुप, टँक (शत्रूंचा मार अंगावर घेणारा) ब्लड डेथ नाईट. ट्रॅशच्या (बॉस सोडून किरकोळ शत्रूंच्या) मोठ्या पुलमध्ये (एकदम अंगावर ओढलेल्या झुंडीत) टँकची हेल्थ आपोआप वर येते, हीलर (इतरांची हेल्थ भरणारा) नुसता डॅमेज करतो. बॉसवर मात्र तोच टँक भरल्या हेल्थवरून क्षणात आडवा. मग दोघांची भांडणं. सेल्फ हीलिंग कमी असलेला टँक घेतला तर प्रश्न सुटेल का?

खाडीपलीकडचा
नाही सुटणार. डेथ स्ट्राइक (या टँकचा हेल्थ भरणारा वार) मागच्या 5 सेकंदांत खाल्लेल्या डॅमेजच्या 25 टक्के परत देतो, किमान मॅक्स हेल्थच्या 7 टक्के. म्हणजे आधी मार, मग भरपाई. ट्रॅशचा मार बारीक आणि सतत येतो, म्हणून हे चक्र चालतं. टँकबस्टर (बॉसचा टँकवरचा एकच जबर फटका) एकदम येतो, भरपाईला माणूस उरतच नाही. त्यात ब्लड शील्ड (डेथ स्ट्राइकने मिळणारं कवच) फक्त फिजिकल डॅमेज शोषतं. बस्टर जादूचा असेल तर ते शील्ड कितीही जाड असो, उपयोग शून्य. तिथे जादूचा मार शोषणारं अँटी-मॅजिक शेल वापरायचं.

टँकने बस्टरच्या आधी बोन शील्ड या हाडांच्या कवचाचे किमान 5 चार्ज ठेवावेत (तेवढे असले की डेथ स्ट्राइक 5 रनिक पॉवरने, म्हणजे त्याला लागणाऱ्या ऊर्जेने, स्वस्त) आणि लागोपाठ दोन डेथ स्ट्राइक मारता येतील इतकी रनिक पॉवर शिल्लक ठेवावी. हेल्थ 90 टक्के असताना डेथ स्ट्राइक मारत सुटणारे टँक ऐन वेळी रिकामे सापडतात. हीलरचं खरं काम फटक्याच्या आधी आहे: टँकवरचा मार पेन सप्रेशन 8 सेकंद 40 टक्के कमी करतं, आयर्नबार्क 12 सेकंद 20 टक्के. कुठल्या बस्टरला कुणाचा कूलडाऊन (एकदा वापरली की बराच वेळ परत न मिळणारी बचावाची ताकद), हे डंजन सुरू होण्याआधी ठरवा. हे न ठरवणं हेच तुमच्या भांडणाचं मूळ.

आंजर्ले_वॉरियर
फायनल फँटसी 14 मध्ये रोग तोच, फक्त वेगळ्या जागी. वॉरियर या टँकचं ब्लडव्हेटिंग 8 सेकंद टिकतं, 25 सेकंदांनी परत येतं, आणि वेपनस्किल (शस्त्राचा वार) लागलेल्या प्रत्येक शत्रूमागे 400 पोटन्सी (गेममधलं ताकदीचं माप) हीलिंग देतं. 2.5 सेकंदांच्या जीसीडीने (दोन वारांमधला सक्तीचा थांबा) तीन वेपनस्किल धरा: सहा शत्रूंवर 7200, एकट्या बॉसवर 1200. चार जणांच्या डंजनमध्ये हीलर बेकार का होतो ते यातच आलं. ओरोजेनी एबिलिटी (जीसीडीबाहेरची चाल) आहे, वेपनस्किल नाही, तिच्यावर हीलिंग येत नाही, डेसिमेट या वेपनस्किलवर येतं. हा फरक न कळल्यामुळे बरेच जण ब्लडव्हेटिंग अर्धं वाया घालवतात.

माझ्या मते बॅलन्स करायचाच तर ‘हीलिंग फक्त पहिल्या अमुक शत्रूंपुरतं’ अशी मर्यादा घालावी. सरसकट टक्के कापले तर बॉसवर, जिथे आधीच कमी मिळतं, तिथेच टँक मरतो.

खाडीपलीकडचा
मर्यादा पटली, पण सोबत फटक्यांचा आकारही कमी करायला हवा. 2024 मध्ये वॉवच्या द वॉर विदिन या नव्या भागाच्या वेळी ब्लिझार्डने (वॉवची कंपनी) टँक हीलरवर जास्त अवलंबून राहावेत म्हणून बदल केले. हेतू बरोबर होता. पण सेल्फ हीलिंग कमी आणि फटके तेवढेच मोठे ठेवले, तर हीलरला काम मिळत नाही, फक्त धसका मिळतो.

कातळसडा (रत्नागिरी)
पटलं. अजून एक: पावसाळ्यात हीलरच्या घरची लाइट गेली की अर्ध्या पुलमध्ये तो गायब. तेव्हा?

आंजर्ले_वॉरियर
तेव्हा सेल्फ हीलिंगवाला टँकच बरा! पुढचा पुल घ्यायचा नाही, चालू आहे तो मोठ्या कूलडाऊनवर निभवायचा. फायबरचा डबा आणि राउटर बहुतेक 12 व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून छोटा डीसी यूपीएस घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालतोच.

आणि लॅग असेल तर फायनल फँटसीत एवढं पाळा: बॉसचा कास्ट बार (फटक्याआधी भरत जाणारी पट्टी) संपायच्या आधी मिटिगेशन (मार कमी करणारी ताकद) लागलेलं हवं. डॅमेजचा हिशोब तिथेच होतो, फटका पडताना दिसतो तो नंतर. वॉवमध्ये स्पेल क्यू विंडो (पुढच्या चालीचं बटण जितकं आधी दाबलं तरी चालतं तो वेळ) मुळात 400 मिलिसेकंद असते. पिंग जास्त असेल तर ती कमी करायच्या भानगडीत पडू नका.