दार उघडं ठेवून प्रार्थना केली, तर तो प्रचार होतो का?

नगरी_सलाम

मी मूळ नगरचा, तिसऱ्या पिढीतला प्रॉटेस्टंट, नोकरीला पुण्यात. गेल्या महिन्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

ऑफिसातल्या मित्राची आई दवाखान्यात आहे. मी संध्याकाळी डबा घेऊन जायचो, तिथंच दोन घास खायचो. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "जेवायच्या आधी डोळे मिटून काय पुटपुटतोस रे?" म्हटलं, प्रार्थना करतो. "मग माझ्यासाठी पण कर की." केली. दोन मिनिटं, साध्या मराठीत. दुसऱ्या दिवशी माझ्या बॅगेतला छोटा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, त्यांच्या उशाशी ठेवून आलो. रात्री मित्राच्या मामांचा फोन. "आजारी बाईला गाठता होय? लाज नाही वाटत?" मित्र मला काही बोलला नाही, पण आता दुपारी दुसऱ्या टेबलावर जेवतो.

मला ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांनी विधवा नि मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. बाई आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, सदनातल्या मुली येऊन बसायच्या. पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार काही लावलं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. विश्वास खरा असेल तर तो दार लावून कसा जगायचा?

चहा_कमी_साखर

मी हिंदू, देवधर्म बेताचाच. प्रार्थना काकूंनी मागितली, तुम्ही केलीत, त्यात मामांनी चिडण्यासारखं काही नाही. पण पुस्तक कोणी मागितलं होतं? सलाईन लावून पडलेल्या माणसाला "नको" म्हणणं जड जातं. त्यातून तो रोज डबा आणणाऱ्या मुलाला तर मुळीच म्हणणार नाही.

आणि रमाबाईंचा दाखला उलटा पडतो. दार उघडं होतं, कबूल. पण त्या मुलींपैकी कित्येक विधवा होत्या, सासर-माहेर दोन्हीकडून तुटलेल्या. ज्या बाईच्या छपराखाली राहायचं, तिच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटणारच. त्यातलं मनापासून किती आणि मिंधेपणातून किती, हे बाईंना तरी कळलं असेल का? रानडे काही खुळे नव्हते.

वसईचा_कुपारी

आम्ही कॅथलिक, पोर्तुगीज काळापासूनचे. आमच्याकडं कोणी पत्रकं वाटत फिरत नाही. रविवारी मिस्सा, मे महिन्यात क्रुसापाशी जपमाळ, नाताळात शेजाऱ्यांकडं ताट. फादर दिब्रिटोंना वसईबाहेरच्या लोकांनी ओळखलं ते हरित वसईच्या आंदोलनामुळं आणि त्यांच्या मराठीमुळं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला ते अध्यक्ष झाले तेव्हा "धर्मगुरू कशाला?" म्हणून ओरड झालीच, तरी ते पाठदुखी घेऊन गेले आणि बोलले. याला मी साक्ष म्हणतो. असिसीचे संत फ्रान्सिस म्हणून गेलेत ना, सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.

निवृत्त_शब्बाथशाळा

सलाम सर्वांना. कुपारीभाऊ, ते वाक्य फ्रान्सिसच्या लिखाणात कुठंही सापडत नाही. तो माणूस गावोगाव उपदेश करत हिंडायचा. १२१९ मध्ये क्रुसेड, म्हणजे ख्रिस्ती-मुसलमान धर्मयुद्ध, चालू असताना इजिप्तच्या सुलतानासमोर जाऊन बोलून आला. नि:शस्त्र गेला, हे महत्त्वाचं; पण गेला बोलायलाच!

न बोलण्याचं एवढं कौतुक नको. आपण गप्प बसलो म्हणून तर शेजाऱ्याला अजून वाटतं की हा इंग्रजांचा देव. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी काय केलं? अभंग लिहिले. आजही आमच्या मंडळीत पेटी-तबल्यावर तेच म्हणतो आणि खिडकीबाहेरचा माणूस थबकून ऐकतो, कारण चाल त्याच्या ओळखीची असते. १९१७ मध्ये ते मिशनच्या पगारातून मोकळे झाले आणि 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. सांगायचं, पण रजिस्टरात नावं मोजायची नाहीत.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं द्या, असं आहे. काकूंनी विचारलं होतं. नगरी, तुझं चुकलं नाही.

चहा_कमी_साखर

काका, विचारलं होतं ते डोळे का मिटतोस हे. पुस्तक द्या असं नव्हे.

कलम_पंचवीस

कायद्यापुरतं सांगतो. घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. उशाशी पुस्तक ठेवणं पहिल्यातच बसतं. मामांना रागवायचा हक्क आहेच, त्याला कलम लागत नाही.

शेवगावचा_धाकटा

तुम्ही सगळे ज्यांना परवडतं ते बोलताय.

माझा चुलतभाऊ दर रविवारी उपासनेला असतो, वर्गणी देतो, ढोलकीही तोच वाजवतो. कागदावर मात्र हिंदू. कारण १९५० चा आदेश. अनुसूचित जातीचा दाखला आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. बाप्तिस्मा कागदावर आला की पोरीची स्कॉलरशिप गेली. येशूकडं गेल्यावर जात गेली असं सरकार म्हणतं. गावात पाणवठ्यावर विचारा, गेली का ते.

मागं एका पाहुण्या पाळकानं व्यासपीठावरून "लपून विश्वास ठेवणारे ढोंगी" असं झोडलं. भाऊ खाली मान घालून ढोलकी आवळत बसला होता. त्या दिवसापासून "प्रामाणिक विश्वास" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

निवृत्त_शब्बाथशाळा

धाकट्या, त्या पाळकाला मंडळीतल्या कोणी टोकलं नाही?

शेवगावचा_धाकटा

नाही. जेवायला चिकन होतं.

वसईचा_कुपारी

हे मला माहीत होतं, पण असं समोरून कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं चारशे वर्षांत कोणी विचारायला आलं नाही म्हणून आम्हाला गप्प राहणं सोपं जातं, हे कबूल करतो. फ्रान्सिसचं वाक्यही मागं घेतो. पुस्तकाबाबत मात्र मी चहाच्या बाजूनं.

नगरी_सलाम

चहा, दोन दिवस तुमच्याशी मनात भांडत होतो. खरं सांगायचं तर पुस्तक ठेवताना काकू झोपल्या होत्या. जाग्या असत्या तर दिलं असतं का, माहीत नाही. म्हणजे दार उघडं होतं असं म्हणायला मी मोकळा नाही.

प्रार्थनेबद्दल मात्र माघार घेणार नाही. पुन्हा म्हणाल्या तर पुन्हा करेन, मामा समोर असले तरी. आज मित्राला गाठून सांगितलं, पुस्तक परत हवं तर आण, माझं चुकलं. तो म्हणाला, "आईला विचारतो." एवढंच.

चहा_कमी_साखर

डबा चालू आहे ना?

नगरी_सलाम

चालू आहे. मुगाची खिचडी, मीठ कमी. आता वॉर्डच्या दाराशी मामाच घेतात.