टस्कीगीबद्दल थोडी भर

एकांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या टस्कीगी गावातलं माजी सैनिकांचं रुग्णालय पहिल्यापासून कृष्णवर्णीय डॉक्टरांच्याच हाती होतं. तसं नव्हतं. तो हक्क भांडून मिळवावा लागला.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी १९२३ च्या फेब्रुवारीत अलाबामात ते सुरू झालं. रुग्ण सगळे कृष्णवर्णीय, पण प्रमुख गोरा आणि डॉक्टर-नर्सही गोरेच नेमायचा घाट. त्यात गोऱ्या नर्सने कृष्णवर्णीय रुग्णाला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा! म्हणून नर्सच्या जोडीला कृष्णवर्णीय आया ठेवायची. रुग्णाला हात लावायचा तो आयाने, नर्स म्हणून पगार मात्र गोरीला. हे वाचलं तेव्हा मला फार वेळ दुसरं काही सुचलं नाही.

टस्कीगी संस्थेचे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन यांनी कृष्णवर्णीय डॉक्टर नेमावेत म्हणून थेट राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्याकडे दाद मागितली. धमक्या आल्या, ३ जुलैला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेने गावातून मोर्चा काढला. मोटन हटले नाहीत. १९२४ मध्ये कृष्णवर्णीय डॉ. जोसेफ वॉर्ड रुग्णालयाचे प्रमुख झाले, स्वतः त्याच युद्धात फ्रान्सला जाऊन आलेले.

आणि कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. सॉलोमन फुलर यांना विसरू नका. ज्यांच्या नावाने विस्मरणाचा आजार ओळखला जातो त्या अल्झायमर यांच्या हाताखाली म्युनिकला काम केलेल्या या माणसाने टस्कीगीसाठी तरुण कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ घडवले.