शब्दचर्चा : विश्वासी की विश्वासू?

विचारणा :
मंडळीच्या ग्रुपवर उपासनेची वेळ बदलल्याची सूचना टाकायची होती. मी लिहिलं, 'सर्व विश्वासी बंधुभगिनींना कळवण्यात येते की...'. मोबाइलने परस्पर 'विश्वासी'चं 'विश्वासू' करून टाकलं आणि मी न वाचताच पाठवलं. दोन मिनिटांत एका काकांचा निरोप : 'फक्त विश्वासू? मग मी येऊ की नको?' सगळे हसले. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. 'विश्वासी' हा शब्द चर्चच्या बाहेर माझ्या कानावर जवळजवळ कधीच पडलेला नाही. तो चालतो का? आणि दोघांत फरक नेमका कुठे पडतो?

प्रतिसाद :
चालतो की. ज्ञानी, त्यागी, तसा विश्वासी. ज्याच्यापाशी विश्वास आहे तो. 'विश्वासू' मात्र रोजच्या बोलण्यात मुरलेला : विश्वासू नोकर, विश्वासू माणूस. विश्वासी विश्वास ठेवतो, विश्वासूवर तो ठेवला जातो. वेलांटी आणि उकार एवढाच काय तो फेर, पण माणसाची बाजूच बदलते.
अर्जाखाली 'आपला विश्वासू' लिहून सही ठोकायचो, आठवतंय? ईमेल आली आणि ते गेलं. आता नुसतं नाव, खाली मोबाइल नंबर.

प्रतिसाद :
गंमत म्हणजे बायबलमधल्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये या दोघांना मिळून एकच शब्द आहे, 'पिस्तोस'. प्रेषितांची कृत्ये 16:1 मध्ये प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याच्या आईला तो लावलाय, तिथे अर्थ 'विश्वास ठेवणारी'. मत्तय 25 मधल्या रुपयांच्या दाखल्यात धनी ज्या दासाला शाबासकी देतो, त्यालाही तोच शब्द, आणि तिथे मराठीत 'विश्वासू'च लागतं. लुदियाचं वाक्य (कृत्ये 16:15) तर मला फार आवडतं. जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई, नुकताच बाप्तिस्मा झालेला, आणि पौलाला म्हणते, मी प्रभूच्या बाबतीत 'पिस्तोस' आहे असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या घरी येऊन राहा. आता ती विश्वासी की विश्वासू? मराठीत एक बाजू धरावीच लागते, ग्रीकमध्ये दोन्ही खपून जातं. तुमच्या मोबाइलला फार रागावू नका.
मला स्वतःला हा एक शब्द अडचणीत आणतो. घरून काम करताना नावापुढचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून मी अधूनमधून माऊस हलवतो. चहा पिताना डाव्या हाताने. लूक 16:10 मध्ये थोडक्याविषयी विश्वासू असण्याबद्दल जे म्हटलंय, तिथेही हाच 'पिस्तोस' बसलाय. रविवारी मी विश्वासी असतो याबद्दल कुणाची तक्रार नाही.

प्रतिसाद :
माऊसचं पटलं, पण एक हरकत. विश्वासाचं असं चोख वागणुकीत रूपांतर करून टाकलं की ज्याच्या हातात त्या घडीला काहीच करण्यासारखं नसतं त्याने काय करायचं? गेल्या वर्षी बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत होते. फोन टेबलावर पालथा घालायचा, पाच मिनिटांनी उलटायचा, लॅबची लिंक उघडायची, 'प्रक्रिया सुरू आहे' वाचायचं, पुन्हा पालथा. जो तो सांगे, 'विश्वास ठेव.' तेव्हा मराठीतली क्रियापदं पहिल्यांदा नीट ऐकू आली. विश्वास 'बसतो' तो आपोआप, आपल्या हातात नाही. 'ठेवतो' तो ठरवून. 'टाकतो' तेव्हा पडायची जोखीम आपली. आणि 'उडतो' तेव्हा कुणाला विचारत नाही. माझा बसत नव्हता, मी ठेवत होते. मार्क 9:24 मधला आजारी मुलाचा बाप एका दमात दोन्ही बोलतो, विश्वास आहे म्हणतो आणि अविश्वास घालव म्हणून विनवतो. तो त्या दिवशी मला सख्खा वाटला.
योहानाच्या शुभवर्तमानात तर 'विश्वास' हे नाम ('पिस्तिस') एकदाही येत नाही. क्रियापद मात्र 98 वेळा.

प्रतिसाद :
क्रियापदांचं निरीक्षण झकास! श्रद्धा 'जडते', 'ढळते', पण 'श्रद्धा टाकली' म्हटलं तर सोडून दिली असा उलटाच अर्थ होईल. हिंदीवाले 'अंधविश्वास' म्हणतात, आपण 'अंधश्रद्धा'. म्हणजे मराठीत आंधळेपणाचं बालंट श्रद्धेवर आलं आणि विश्वास सुटला.
थोडं अवांतर : फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 सालच्या 'क्रिस्तपुराण' या मराठी काव्यात विश्वास या अर्थी 'भावार्थ' येतो आणि विश्वास ठेवणारा तो 'भावार्थी'. कोकणी ख्रिस्ती अजून 'भावार्थ'च म्हणतात. आपल्याकडे तो शब्द कवितेच्या प्रश्नाखाली गुणांपुरता उरला.

मूळ विचारणा करणारा :
सगळ्यांचे आभार. बायोप्सीवाल्या ताई, रिपोर्टचं विचारत नाही, पण तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.
सुधारित सूचना पाठवली. 'विश्वासी'च ठेवलं आणि शब्द मोबाइलच्या कोशात भरून टाकला. परिणाम असा की काल बँकेला अर्ज लिहिताना त्याने मला 'आपला विश्वासी' करून दिलं. या वेळी पाठवण्याआधी वाचलं होतं.